‘बटण दाबलं की पेप्टाइड तयार’: ‘स्पष्टवक्ता’ यांना उत्तर

नमस्कार ‘स्पष्टवक्ता’ साहेब,

मागच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. मुद्दे तीन-चार आणि टोमणे त्याच्या दुप्पट, त्यामुळे निवडून बाजूला काढायला थोडा वेळ लागला. म्हणून उत्तराला उशीर. ‘लेखकाकडे उत्तर नसावं’ असं तुम्ही परवा खाली पुन्हा येऊन लिहिलंत. आहे उत्तर. आम्हाला नोकरीही असते, एवढंच.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. आपल्या आतड्यातून स्रवणारं जीएलपी-1 हे संप्रेरक रक्तात जेमतेम दोनेक मिनिटं टिकतं, कारण डीपीपी-4 नावाचं विकर त्याच्या टोकाची दोन अमिनो आम्लं छाटून टाकतं. याच संप्रेरकावर बेतलेल्या सेमाग्लुटाइड या मधुमेहावरच्या औषधात तिथेच, आठव्या जागेवर (मोजणी सातपासून सुरू होते), ॲलनिनऐवजी एआयबी हे अमिनो आम्ल बसवलंय. सव्विसाव्या जागेवरच्या लायसिनला मेदाम्लाची लांब शेपटी जोडली आहे, ती रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून राहते. म्हणून ते इंजेक्शन आठवड्याला एकदा पुरतं. असे बदललेले पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, रसायनशास्त्राने कसे बांधतात, एवढाच लेखाचा विषय होता.

आता तुमचं म्हणणं. सेमाग्लुटाइड यीस्टमध्ये तयार होतं हे मी ‘सोयीस्करपणे दडवलं’. सॉल्व्हंटच्या कचऱ्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. रेझिनच्या, म्हणजे बारीक प्लॅस्टिक मण्यांच्या, आधारावर साखळी बांधायची रीत काढणाऱ्या मेरिफिल्डचंच तुणतुणं वाजवलं. आणि मग हे वाक्य: ‘रेझिनवर साखळी बांधणं हे आता मशीनचं काम आहे, अमिनो आम्लं भरायची, बटण दाबायचं, सकाळी पेप्टाइड तयार, यात कसली आलीय कारागिरी!!!’

तीन उद्गारचिन्हं तुमचीच, मी एकही वाढवलेलं नाही.

मतभेद असायला माझी हरकत नाही. पण ‘मराठीत विज्ञान लिहिणाऱ्यांना वाटतं की वाचक अडाणी आहे’ या वाक्याचा पेप्टाइडशी काय संबंध? मला वाचक अडाणी वाटत असता तर कपलिंग (जोड करणं) आणि डीप्रोटेक्शन (संरक्षक गट काढणं) हे शब्द मी लेखात आणलेच नसते, ‘जादूची साखळी’ वगैरे लिहून मोकळा झालो असतो. असो. आधी एक मान्य करून टाकतो: लुई कार्पिनो आणि ग्रेस हान यांची नावं लेखात यायला हवी होती. 1970 साली त्यांनी एफमॉक हा संरक्षक गट (अमिनो आम्लाचं टोक तात्पुरतं झाकणारा) आणला, म्हणून आज आम्ही पिपेरिडीनसारख्या सौम्य बेसने तो काढू शकतो. मेरिफिल्डच्या पुढे रूढ झालेल्या रीतीत शेवटी हायड्रोजन फ्लोराइड वापरावा लागे, जो काचेचं भांडंही खातो. नावं राहिली, हे खरं. पण ‘दडवली’ नाहीत हो.

आता बटणाकडे येऊ.

मशीन काही कालपरवा आलेलं नाही. ब्रूस मेरिफिल्ड यांचा रेझिनवरच्या संश्लेषणाचा पेपर 1963 चा, त्यात चार अमिनो आम्लांची साखळी होती. त्या दशकाच्या मध्याला त्यांनी आणि जॉन स्ट्युअर्ट यांनी स्वयंचलित यंत्र उभं केलं. 1969 साली गुट्टे आणि मेरिफिल्ड यांनी रायबोन्यूक्लिएज ए, म्हणजे 124 अमिनो आम्लांचं विकर, यंत्रावर बांधलं: 369 रासायनिक अभिक्रिया, 11,931 टप्पे. म्हणजे बटण साठ वर्षं आहे. नुसतं ते दाबून भागत असतं तर माझ्यासारख्यांना पगार कुणी दिला असता?

हिशेब साधा आहे, आकडेमोड आवडत असेल तर करून बघा. एकतीस अमिनो आम्लांची साखळी म्हणजे तीस जोड. प्रत्येक जोड 99 टक्के झाला तरी शेवटी पूर्ण साखळ्या भरतात सुमारे 74 टक्के. 98 टक्क्यांवर घसरलात की 55 च्याही खाली. मग उरलेला माल कुठे जातो? तो तिथेच असतो, एखादं अमिनो आम्ल कमी असलेल्या साखळ्यांच्या रूपात, आणि त्यातल्या काही एचपीएलसीच्या (मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्राच्या) कॉलमवर खऱ्या मालाला इतक्या चिकटून बाहेर पडतात की वेगळ्या काढता काढता जीव मेटाकुटीला येतो. यंत्राला यातलं काही कळत नाही. त्याला सांगितलेला वेळ झाला की ते पुढचं अमिनो आम्ल ओततं.

मी या धंद्यात आलो तेव्हा आमच्याकडे मशीन नव्हतं. खाली सच्छिद्र काचेची चकती असलेलं भांडं, त्यात रेझिन, डीएमएफ या सॉल्व्हंटमध्ये फुगलेलं, आणि ते हलवत बसणारे आम्ही. प्रत्येक जोडानंतर कैझर टेस्ट. चिमटीत धरता येणार नाहीत इतके मोजके मणी काचेच्या नळीत घ्यायचे, धुवायचे, तीन बाटल्यांतले थेंब टाकायचे (निनहायड्रिन, फिनॉल आणि पिरिडीनमधलं पोटॅशियम सायनाइड), नळी गरम ठोकळ्यात ठेवायची आणि थांबायचं. द्रावण पिवळं आणि मणी बिनरंगी राहिले तर जोड झाला. मणी निळे पडले तर अजून न जोडलेली मोकळी टोकं (अमाइन) शिल्लक आहेत, पुन्हा जोडा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मणी ना धड निळे, ना धड बिनरंगी. मातकट. सेरीन, ॲस्परजिन असले की असंच होतं. प्रोलीन असेल तर ही टेस्ट चालतच नाही, क्लोरॅनिल लावावं लागतं. मातकट मण्यांकडे बघून पुढे जायचं की थांबायचं हे आमच्या सरांना एका नजरेत कळायचं. मला कळायला काही वर्षं लागली. हे कुठल्या बटणात आहे ते जरूर कळवा.

पुढे एमआयडीसीतल्या एका कंपनीत होतो. तिथे मशीन होतं, झकास. व्हॅलीन-आयसोल्युसीनची रांग असलेला एक पेप्टाइड संध्याकाळी लावून घरी गेलो. सकाळी पडद्यावर ‘पूर्ण’ असं झळकत होतं. पण प्रत्येक वेळी एफमॉक निघताना यूव्हीवर जो उंचवटा दिसतो, ते उंचवटे मध्यरात्रीपासून बसत गेलेले. साखळ्या एकमेकींना चिकटून गोळा झाल्या होत्या, नवं अमिनो आम्ल आत शिरतच नव्हतं, आणि मशीन आपलं इमानेइतबारे ओतत राहिलं. मास (रेणूंच्या वस्तुमानाचा आलेख) काढला तर पीकचं जंगल. मग त्या रांगेच्या अलीकडे सेरीनच्या जागी स्यूडोप्रोलीन (साखळीला वाकवून गोळा होऊ न देणारा तुकडा) घातलं, पुढचे जोड दोन-दोनदा केले, तेव्हा गाडी रुळावर आली. मॅनेजर त्या सकाळी नेमकं तुमच्यासारखंच बोलले होते: ‘मशीन तर चाललं ना?’ म्हणून तुमचं वाक्य एवढं झोंबलं, हेही सांगून टाकतो.

आणि ज्या रेणूवरून हा सगळा वाद, त्याचंच बघा. रेझिनवर साखळी उलट्या दिशेने वाढते, म्हणजे शेवटचे दोन जोड आधी एआयबी आणि मग त्याच्यावर हिस्टिडीन. एआयबीच्या मधल्या कार्बनवर दोन मिथाइल गट बसलेत, त्यामुळे त्याच्या अमाइनपर्यंत पोहोचायला जागाच नाही. मग काय कराल? जास्त तापवाल, जोरकस अभिकर्मक घ्याल, जास्त वेळ द्याल. पण येणारं अमिनो आम्ल आहे हिस्टिडीन, आणि तापवलं, रेंगाळलं की त्याचा एलचा डी होतो, म्हणजे डाव्या हाताचा उजवा व्हावा तसं आरशातलं रूप. इथेच घोडं पेंड खातं. डी-हिस्टिडीनवाल्या साखळीचं वस्तुमान अगदी तेच. मास बघून कुणीही म्हणेल, माल बरोबर आहे. यावरची तोड मला आजही देखणी वाटते. हिस्टिडीन आणि एआयबी यांची जोडी आधी बाहेर द्रावणात, थंडपणे बांधून घ्यायची, तपासायची, आणि मग ती जोडी अख्खी साखळीला लावायची. आता सक्रिय होणारं टोक एआयबीचं. एआयबीच्या त्या कार्बनवर हायड्रोजनच नाही, तो कार्बन हस्तीय नाही (त्याला डावं-उजवं रूपच नाही), मग उलटणार काय? जो एआयबी आडवा येत होता तोच कामाला लावला. याला मी कारागिरी म्हणतो. तुम्ही काय हवं ते म्हणा.

यीस्टचं राहिलं. नोव्हो नॉर्डिस्क साखळीचा मोठा तुकडा यीस्टकडून करून घेते, बरोबर. पण एआयबी जनुकीय संकेतात नाही, यीस्टला ते बसवता येत नाही. म्हणून टोकाची चार अमिनो आम्लं आणि ती मेदाम्लाची शेपटी रसायनशास्त्रानेच जोडावी लागते. लेखाचा विषय होता बदल, आणि बदल केला तो रसायनाने. टिर्झेपटाइडमध्ये तर 39 पैकी दोन एआयबी आहेत, आणि ते तुकड्या-तुकड्यांनी, काही रेझिनवर आणि काही द्रावणात, रासायनिक रीतीनेच बांधतात. विकिपीडियाचा पहिला परिच्छेद वाचून थांबलात बहुतेक.

कचऱ्याचा विषय मोठा आहे, इथे उरकण्यासारखा नाही. एक किलो पेप्टाइडमागे हजारो किलो सॉल्व्हंट आणि अभिकर्मक जातात हे मला ठाऊक आहे, डीएमएफवर युरोपने डिसेंबर 2023 पासून घातलेले निर्बंधही ठाऊक आहेत. पण पुरणपोळीच्या कृतीत सिलिंडरचा भाव दिला नाही म्हणून कुणी लेखकाला खोटारडा म्हणत नाही.

‘प्रत्यक्ष हात न घालता लिहिणारे’ असंही एक वाक्य तुमच्यात आहे. साहेब, क्लीव्हेजच्या (साखळी रेझिनवरून सोडवायच्या) मिश्रणात आम्ही इथेनडायथायॉल घालायचो, नाहीतर सुटलेले टर्ट-ब्युटाइल गट ट्रिप्टोफॅनला जाऊन चिकटतात. त्याचा वास कपड्यांत, केसांत, डब्याच्या पिशवीत. संध्याकाळच्या खचाखच लोकलमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी राहायची. कल्याणच्या प्रवाशांना विचारा, हात घातला होता की नव्हता. ट्रायफ्लुओरोॲसेटिक आम्लाचा एक डाग मनगटावर अजून आहे, तो फोटो टाकून मिरवायची मला गरज वाटत नाही.

शेवटी तुम्ही सल्ला दिलाय की लेख छापण्याआधी ‘एखाद्या जाणकाराकडून’ तपासून घ्यावा. चांगली सूचना. पुढचा लेख ॲस्पार्टिमाइडवर आहे: ॲस्पार्टिक आम्लापुढे ग्लायसिन आलं की पिपेरिडीनमध्ये काय घोळ होतो, आणि त्यातून तयार होणारा आयसो-ॲस्पार्टेट वस्तुमानात का दिसत नाही. मसुदा तयार आहे. तुम्ही टोपणनाव सोडून खरं नाव आणि काय काम करता ते ईमेलवर कळवलंत तर आधी तुम्हालाच पाठवतो. चुका दाखवा, नावासकट आभार मानेन. उद्गारचिन्ह मात्र एकच ठेवा.