स्वीडनमधला कचरा संपलेला नाही

एक मजकूर गेली कित्येक वर्षं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. सोबत कधी स्टॉकहोमचा फोटो असतो, कधी मुंबईतल्या देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराचा. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण आशय असा: "स्वीडनमध्ये कचराच उरलेला नाही. ते 99 टक्के कचऱ्याचा पुनर्वापर करतात. वीजप्रकल्प बंद पडू नयेत म्हणून आता इतर देशांकडून कचरा विकत घेतात. त्यांच्या धुराड्यांतून फक्त वाफ निघते. आपण असे प्रकल्प उभारले तर देवनारच्या डोंगराची वीज होईल."

यातल्या प्रत्येक वाक्यामागे एखादी खरी गोष्ट आहे, त्यामुळे ते पटकन पटतं. पण त्या खऱ्या गोष्टीतून काढलेला अर्थ पाचही ठिकाणी चुकला आहे. शेवटचं वाक्य तर महापालिकांच्या सभांमध्ये ऐकू येतं, आणि तिथे त्यावर कोट्यवधी रुपयांचे ठराव होतात. तेव्हा एकेक वाक्य तपासू.

"स्वीडनमध्ये कचराच उरलेला नाही."

स्वीडनमध्ये घरगुती आणि तत्सम कचरा माणशी वर्षाला साडेचारशे किलोच्या आसपास होतो. मुंबईचा रोजचा कचरा साधारण सहा ते साडेसहा हजार टन. म्हणजे माणशी दिवसाला अर्धा किलो, वर्षाला दोनशे किलोच्या आतच. स्वीडिश माणूस मुंबईकराच्या दुपटीहून जास्त कचरा करतो.

तिथे टंचाई आहे ती भट्ट्यांच्या खाद्याची, आणि ती कायद्यामुळे आली. 2000 साली स्वीडनने कचरा पुरण्यावर टनामागे 250 क्रोनर (तिथलं चलन) कर लावला. 2002 मध्ये जळण्याजोगा कचरा पुरायला बंदी केली आणि 2005 मध्ये सगळ्या जैविक कचऱ्याला. पाच वर्षांत नगरपालिकांना कचऱ्यासाठी दुसरी वाट शोधावी लागली. शहरांखाली गरम पाण्याच्या नळांचं जाळं आधीपासून होतं. एका ठिकाणी पाणी तापवायचं आणि ते नळांतून घरोघरी खेळवून खोल्या उबदार ठेवायच्या, अशी ही व्यवस्था. तिथल्या इमारतींना लागणाऱ्या उष्णतेपैकी जवळपास निम्मी अशीच येते, आणि अपार्टमेंटमध्ये तर बहुतेक सगळी. या जाळ्याला जोडून कचरा जाळणाऱ्या भट्ट्या वाढत गेल्या. इतक्या, की देशातला जाळण्याजोगा कचरा त्यांना पुरेना. मजकुरातल्या "कचरा उरला नाही" या वाक्याचा उगम हा.

"99 टक्के कचऱ्याचा पुनर्वापर."

एक टक्क्याहून कमी घरगुती कचरा पुरला जातो, एवढाच भाग बरोबर आहे. उरलेल्या 99 टक्क्यांचं काय होतं ते 2018 च्या आकड्यांवरून दिसतं: निम्मा जाळला, साधारण एक तृतीयांश नव्या वस्तूंसाठी कच्चा माल म्हणून वापरात आला, पंधरा टक्क्यांच्या आसपास बायोगॅस किंवा खत झाला. जाळणं म्हणजे पुनर्वापर नव्हे. 2008 च्या युरोपीय कायद्यात कचऱ्याचा जो क्रम दिला आहे, त्यात आधी कचरा टाळणं, मग वस्तू पुन्हा वापरणं, मग पुनर्चक्रीकरण (म्हणजे कचऱ्यापासून पुन्हा माल बनवणं), त्यानंतर ऊर्जेसाठी जाळणं आणि शेवटी पुरणं. जाळणं खालून दुसरं आहे.

युरोपीय महासंघाने 2025 पर्यंत 55 टक्के पुनर्चक्रीकरणाचं लक्ष्य ठेवलं होतं. ते चुकण्याची शक्यता असलेल्या देशांची यादी युरोपियन कमिशनने 2023 मध्ये जाहीर केली, आणि त्या यादीत स्वीडनचं नाव होतं. जगाला आदर्श म्हणून दाखवल्या जाणाऱ्या देशाला मिळालेला हा इशारा आपल्या मजकुरांत कधीच येत नाही.

स्वीडनकडून खरोखर उचलण्याजोगं जे आहे ते भट्टीच्या अलीकडे घडतं. पेयांच्या अ‍ॅल्युमिनियम डब्यांवर 1984 पासून आणि प्लास्टिक बाटल्यांवर 1994 पासून अनामत घेतली जाते. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की पैसे परत. दहापैकी आठांहून अधिक डबे-बाटल्या परत येतात. पॅकिंगच्या कचऱ्याचा खर्च 1994 पासून ते पॅकिंग बाजारात आणणाऱ्यावर आहे. अन्नाचा कचरा वेगळा गोळा करणं 1 जानेवारी 2024 पासून नगरपालिकांवर बंधनकारक आहे. मोताला इथे 2023 च्या अखेरीस सुरू झालेला प्लास्टिक वर्गीकरणाचा कारखाना वर्षाला दोन लाख टन प्लास्टिक हाताळू शकतो. भट्टीत जाणारं प्लास्टिक बाहेर काढण्यासाठी स्वीडन नवा पैसा घालतो आहे, हे लक्षात घ्यावं.

"इतर देशांकडून कचरा विकत घेतात."

पैसा उलट दिशेने जातो. कचरा पाठवणारा देश स्वीडिश प्रकल्पाला टनामागे शुल्क देतो. वर्षाला दहा लाख टनांहून जास्त कचरा असा येतो, मुख्यतः नॉर्वे, ब्रिटन, आयर्लंड आणि इटलीतून. ब्रिटनचं गणित पाहिलं की कारण कळतं. तिथे 1996 मध्ये पुरण्यावरचा कर टनामागे 7 पौंड होता, एप्रिल 2025 पासून तो 126.15 पौंड झाला. तेव्हा कचरा कुटून, धातू काढून, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले गठ्ठे करून जहाजाने पाठवणं परवडतं. प्रकल्पाला इंधनाचेही पैसे मिळतात आणि उष्णतेचेही.

"मग आपला कचरा स्वीडनला विकू" असं या मजकुराखाली कुणीतरी लिहितंच. विकता येणार नाही. भाडं आपण द्यायचं, शुल्क आपण द्यायचं, घातक आणि इतर कचरा एका देशातून दुसऱ्या देशात नेण्याबाबतच्या बासेल करारानुसार परवानग्या घ्यायच्या, आणि पाठवायचा काय तर निम्मं पाणी असलेला माल.

"धुराड्यांतून फक्त वाफ."

थंड हवेत पांढरी वाफ दिसते हे खरं. ती तशी दिसावी म्हणून आत बरंच काही करावं लागतं. भट्टीतला वायू 850 अंशांवर निदान दोन सेकंद राहिला पाहिजे, नाहीतर डायॉक्सिन नावाची अत्यंत विषारी रसायनं पूर्ण मोडत नाहीत. पुढे वायू थंड होताना 400 ते 200 अंशांच्या टप्प्यात ते पुन्हा तयार होऊ शकतात, म्हणून हा टप्पा झपाट्याने ओलांडावा लागतो. नायट्रोजनच्या ऑक्साइडसाठी अमोनिया किंवा युरिया, आम्लांसाठी चुना, पारा आणि डायॉक्सिनसाठी सक्रिय कार्बन, शेवटी कापडी पिशव्यांची गाळणी. यातली एक पायरी ढिली पडली की धुराड्याच्या वाफेला काही अर्थ उरत नाही.

गाळणीत अडकलेलं विष नाहीसं होत नाही, ते राखेत जमतं. जाळलेल्या कचऱ्याच्या वजनाचा सहावा-सातवा भाग तळाची राख म्हणून उरतो. शिवाय थोडी उडती राख, जी घातक कचऱ्यात मोडते. स्वीडनमधली बरीच उडती राख ऑस्लोच्या खाडीतल्या लांगओया बेटावर जायची. जुनी चुनखडीची खाण, तीही नॉर्वेची.

आणि कार्बन? एक किलो प्लास्टिक जाळलं की अडीच ते तीन किलो कार्बन डायऑक्साइड. ते प्लास्टिक खनिज तेलाचं असल्यामुळे त्याला हरित ऊर्जा म्हणता येत नाही. स्वीडनने 2013 पासून आपले कचरा जाळणारे प्रकल्प युरोपच्या कार्बन बाजारात आणले, म्हणजे त्यांना उत्सर्जनाचे परवाने लागतात. एप्रिल 2020 मध्ये जाळण्यावर टनामागे 75 क्रोनर कर लागला, 2022 मध्ये तो 125 क्रोनर झाला, आणि 2023 च्या सुरुवातीला रद्द झाला. तो ठेवावा की नाही यावर तिथेच एकमत नाही.

इथे स्वीडनच्या धोरणातली एक प्रामाणिक गोष्ट सांगायला हवी. त्यांच्या संसदेने स्वीकारलेल्या 'पिढीचं उद्दिष्ट' या धोरणात म्हटलं आहे की पुढच्या पिढीला मोठे पर्यावरणीय प्रश्न सुटलेला समाज द्यायचा, तोही देशाबाहेर पर्यावरणाचे आणि आरोग्याचे प्रश्न न वाढवता. मोजणीही त्याप्रमाणे होते: स्वीडिश लोक जे खातात, वापरतात, नेसतात त्यातून होणाऱ्या उत्सर्जनाचा साधारण साठ टक्के भाग परदेशांत पडतो, आणि हा आकडा सरकारच प्रसिद्ध करतं. 2022 मध्ये सर्वपक्षीय समितीने हे बाहेरचं उत्सर्जनही लक्ष्यात धरावं अशी शिफारस केली. "कचरा संपला" ही फुशारकी या देशाच्या अधिकृत धोरणात कुठेच नाही.

"देवनारच्या डोंगराची वीज होईल."

देवनारला 1927 पासून कचरा पडतो आहे. जुना कचरा खणून चाळला की मोठा भाग मातीसारखा बारीक माल निघतो, मग दगड-विटा, काच, आणि मातीने माखलेलं प्लास्टिक. जळण्याजोगं त्यातलं थोडंच. तेही सिमेंट भट्टीला द्यायचं तर राज्यातल्या अशा भट्ट्या मुख्यतः विदर्भात, राज्याच्या दुसऱ्या टोकाला. जुन्या डोंगरावर उपाय म्हणजे चाळून जमीन मोकळी करणं. त्यातून मोठी वीज निघेल अशी आशा धरू नये.

ताज्या कचऱ्याचा हिशेब कागदावर मांडून पाहा. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात 70 ते 75 टक्के पाणी असतं. एक किलो घेतला तर 750 ग्रॅम पाणी, आणि ते उडवायलाच सुमारे 440 किलोकॅलरी जातात. उरलेल्या 250 ग्रॅम सुक्या भागातून हजार-अकराशे मिळतात. हातात राहतात जेमतेम साडेपाचशे ते साडेसहाशे. बाहेरचं इंधन न घालता भट्टी नीट चालायची तर किलोमागे 1,700 च्या आसपास लागतात. आपल्या 2016 च्या घनकचरा नियमांनी ऊर्जेसाठी धरलेली खालची मर्यादाही 1,500 होती. स्वीडनच्या भट्टीत पडणारा माल 2,400 ते 2,900 चा असतो, कारण बरंचसं अन्न आधीच वेगळं काढलेलं असतं.

मिश्र कचरा टाकला की बिघाड ठरलेल्या क्रमाने होतात. तापमान 850 च्या खाली जातं आणि डिझेलचे बर्नर लावावे लागतात. ते महाग पडतात म्हणून टाळले की डायॉक्सिन वाढतात. रस्ता झाडलेली माती आणि राडारोडा भट्टीतल्या जाळीवर वितळून खडे धरतो आणि हवा अडते. पीव्हीसी प्लास्टिकमधला क्लोरीन बॉयलरच्या नळ्या खातो. म्हणूनच अशा बॉयलरमधली वाफ 400 अंशांच्या आसपास ठेवतात आणि वीज कमी मिळते. जून ते सप्टेंबर कोकणपट्टीत हे सगळं दुप्पट अवघड होतं, कारण उघड्या गाड्यांतून येणारा कचरा पावसाचं पाणीही घेऊन येतो.

उष्णतेला गिऱ्हाईकही नाही. स्वीडनमध्ये टनामागे साधारण तीन हजार युनिट ऊर्जा वापरात येते, पण त्यातली बहुतेक गरम पाणी म्हणून. मुंबई-पुण्यात घरं तापवायची नसतात, त्यामुळे फक्त वीज उरते. पिंपरी-चिंचवडच्या मोशी प्रकल्पाचं उद्घाटन 1 ऑगस्ट 2023 रोजी झालं. क्षमता 14 मेगावॉट, वर्षाला अडीच लाख टन कचरा. वर्षभर पूर्ण क्षमतेने चालला तरी टनामागे पाचशे युनिटच्या आतच.

ओल्या कचऱ्याची जागा बायोगॅसच्या टाकीत आहे. टनाला शंभर घनमीटरच्या आसपास गॅस मिळतो, निम्म्याहून अधिक मिथेन. स्वीडनमध्ये लिंशोपिंग शहराच्या बऱ्याच बस अशाच गॅसवर धावतात. टाकीही लाड मागते: प्लास्टिकच्या पिशव्या ढवळणीला गुंडाळतात, वाळू तळाशी बसते, एकदम जास्त माल घातला की आम्ल वाढून पीएच साडेसहाच्या खाली जातो आणि जिवाणू थांबतात. महाराष्ट्रातले अनेक छोटे प्रकल्प याच कारणांनी अडखळले. यंत्र ठीक होतं, घंटागाडीत आलेला कचरा मिश्र होता.

सुका कचरा पुण्यात 2008 पासून 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेमार्फत घरोघरून गोळा होतो, आणि त्यातलं विकण्याजोगं प्लास्टिक, कागद, धातू हे त्यांचं उत्पन्न आहे. भट्टीला सगळ्यात चांगलं जळणारा मालही हाच. त्यामुळे प्रकल्पाचा करार समोर आला की आधी एक कलम शोधावं: महापालिकेने रोज किमान किती टन कचरा पुरवायचा आणि कमी पडला तर दंड किती. हे कलम असलं तर वर्गीकरण सुधारेल तसा शहराला दंड बसेल. क्षमता ठरवावी ती ओला कचरा आणि विकाऊ सुका कचरा वजा करून उरणाऱ्या मालावर, आणि त्या मालाचं उष्मांक मूल्य (किलोमागे मिळणारी उष्णता) जानेवारीत नव्हे, ऑगस्टमध्ये मोजून. घातक राख कुठे जाणार त्या जागेचं नाव निविदेतच हवं. धुराड्याचे आकडे दारावरच्या फलकावर चालू हवेत, आणि डायॉक्सिनची चाचणी वर्षात किती वेळा, कोण करणार आणि खर्च कुणाचा, हेही.