हा लाँगची पाणीपट्टी

गेल्या रविवारी असोद्याजवळच्या एका मळ्यात भरीत पार्टी होती, आणि काड्यांवर वांगी भाजली जात असताना पारोळ्याच्या आप्पांनी जमलेल्या मंडळींसमोर जाहीर केले की, व्हिएतनामच्या बोटवाल्यांनी लावलेली पाणीपट्टी त्यांनी जागेवर माफ करून घेतली. एवढ्यावर ते थांबले असते तर मीही वांग्यांकडे लक्ष दिले असते. परंतु त्यांनी माझ्याकडे हात करून "हे भाऊ साक्षीला होते, विचारा त्यांना" असे सांगितले, आणि कोणी विचारण्याच्या आत वाढप्याने माझ्या पानात भरताचा डाव आणि वर दोन पुऱ्या टाकल्या. ती पाणीपट्टी माफ झालेली नाही. ती मी भरली आहे.

दिवाळीच्या सुट्टीत जळगाव, भुसावळ आणि धुळे परिसरातील आम्ही काही कुटुंबे एका सहल कंपनीबरोबर व्हिएतनामला गेलो होतो, आणि त्या सहलीचा कळस म्हणून 'हा लाँग' नावाच्या उपसागरात बोटीवर एक रात्र मुक्काम होता. पत्रकात त्याला 'दोन दिवस, एक रात्र' असे म्हटले होते. प्रत्यक्षात माणसाला पहिल्या दिवशी जेवणाच्या वेळी बोटीवर चढवतात आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेआधी उतरवतात. त्यातही खोली सकाळी नाश्त्याच्या सुमारास रिकामी करून मागतात. रात्री बोट चालत नाही. साऱ्या बोटी ठरवून दिलेल्या जागी नांगर टाकतात, त्यामुळे 'निसर्गाच्या कुशीतली रात्र' म्हणजे समोरच्या बोटीवरचे गाणे, शेजारच्या बोटीवरचे गाणे आणि आपल्या बोटीचा जनरेटर. आमची खोली जनरेटरच्या बाजूची होती. आमची, म्हणजे माझी आणि आप्पांची.

ही वाटणी धक्क्यावरच झाली. आप्पांच्या पत्नी आक्कांनी सर्वांसमोर सांगितले की, आप्पांच्या घोरण्यामुळे त्यांचा सहलीतल्या एकाही रात्री डोळा लागलेला नाही, तेव्हा आजची रात्र त्या माझ्या पत्नीबरोबर काढतील. माझ्या पत्नीने या प्रस्तावाला ज्या वेगाने मान्यता दिली, तो वेग मला अद्याप संशयास्पद वाटतो. खोलीचे दार उघडले तेव्हा पलंगावर टॉवेलांचे दोन राजहंस चोचीला चोच लावून बसवलेले होते आणि भोवती गुलाबाच्या पाकळ्यांचे बदाम काढलेले होते. आप्पांनी शांतपणे पाकळ्या गोळा करून कागदात बांधल्या, "सकाळच्या पूजेला होतील" असे म्हणून पिशवीत ठेवल्या, आणि एका राजहंसाने तोंड पुसले.

आप्पा हे निवृत्त कालवा निरीक्षक आहेत. सारी नोकरी गिरणेच्या कालव्यांवर गेली. पाणी दिसले की त्यांना ते कोणाच्या पाळीचे आहे, कुठून गळते आहे आणि त्याची वसुली किती बाकी आहे एवढेच सुचते. हा लाँग उपसागरात १,५५३ चौरस किलोमीटर क्षेत्रात १,९६९ बेटे आणि सुळके उभे आहेत, १९९४ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला आणि २०२३ मध्ये शेजारचा कात बा द्वीपसमूहही त्यात जोडला, ही माहिती गाईड देत होता आणि थोडेफार इंग्रजी येण्याच्या गुन्ह्याबद्दल मी ती मराठीत सांगत होतो. हिरव्या पाण्यातून ते करडे सुळके एकामागून एक वर येत होते आणि मागचे सुळके धुक्यात पुसट होत होते. ते दृश्य खरोखर अपूर्व होते, आणि मला ते पाच मिनिटे गप्प बसून पाहायचे होते.

"ही पूररेषा बघा," आप्पा म्हणाले.

प्रत्येक बेटाच्या पायथ्याशी पाण्याने झिजवलेली एक आडवी खाच असते, ती त्यांनी नेमकी हेरली होती. टोंकिनच्या आखातात बहुधा दिवसातून एकदाच भरती येते, असे गाईडने सांगितल्यावर आप्पांनी "एकच पाळी? मग तक्रारी येत असतील" अशी सहानुभूती व्यक्त केली. शत्रूची जहाजे अडवण्यासाठी स्वर्गातून उतरलेल्या ड्रॅगनने मोती फेकले आणि त्यांची ही बेटे झाली, ही दंतकथा ऐकून तर ते उठूनच उभे राहिले. "म्हणजे बंधाराच घातला की! पण भराव सलग नाही. आमच्या पांझरेवरचे फडाचे बंधारे बघा म्हणावं त्याला, जुने आहेत, पण अशी फट सापडायची नाही." हे भाषांतर मी केले नाही. गाईडने ड्रॅगनविषयी आमचा काय आक्षेप आहे असे विचारले, तेव्हा काही नाही, असे सांगितले.

संध्याकाळी 'ती तोप' नावाच्या बेटावरच्या पायऱ्या चढून गेलो. १९६२ मध्ये सोव्हिएत अंतराळवीर गेर्मान तितोव व्हिएतनामचे नेते हो ची मिन्ह यांच्याबरोबर येथे आला होता आणि त्याच्याच नावावरून बेटाला हे नाव मिळाले. पृथ्वीभोवती सतरा चकरा मारून आलेल्या माणसाला हे बेट मिळाले, आणि चाळीस वर्षे कालव्याच्या भरावावर सायकल मारणाऱ्या माणसाला काय मिळाले, हा आप्पांचा प्रश्न मला मात्र पटला. पायऱ्यांच्या मध्यावर ते बसले आणि तिथून वर मी एकटा गेलो. सहलीतील माझा सर्वांत सुखाचा काळ तोच.

दुसऱ्या दिवशी पहाटेच सुंग सोत या मोठ्या गुहेत नेले. पावसाचे पाणी चुनखडीच्या भेगांतून लाखो वर्षे झिरपत राहिले, त्याने दगड विरघळवला आणि हे दालन तयार झाले, असे गाईड सांगत असताना छतावरून एक थेंब आप्पांच्या टोपीवर पडला. त्यांनी वर पाहिले, मान हलवली आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात निदान केले : "अस्तरीकरण केलेलं नाही." मग बाहेर पडेपर्यंत मला वहनव्यय समजावून सांगण्यात आला. धरणातून सोडलेले पाणी शेतापर्यंत पोहोचताना वाटेत मुरते, उडते आणि चोरीला जाते. ते कोणाच्याही नावावर लावता येत नाही, त्याला वहनव्यय म्हणतात आणि तो सोसावा लागतो.

पण मधली रात्र राहिली. जेवणात शाकाहारी म्हणून उकडलेला कोबी आला, तेव्हा आप्पांनी दशम्या आणि लसणाची लालभडक चटणी बाहेर काढली. चटणीमुळे दोन बाटल्या पाणी टेबलावर मागवावे लागले. नंतर डेकवर लोक दिव्याच्या उजेडात गळ टाकून माकूळ पकडत होते आणि कोणालाही एकही मिळत नव्हते. आप्पा माळकरी असल्याने त्यांनी गळाला हात लावला नाही, मात्र गळ टाकणाऱ्या प्रत्येकामागे उभे राहून जीवदयेवर दोन शब्द सांगितले, त्यामुळे माकूळ मिळाले नाही याचे खापर त्यांच्यावर फोडण्याची सर्वांना सोय झाली. खोलीत परतल्यावर त्यांनी नोकरीच्या गोष्टी काढल्या. पाणीपट्टी चुकवण्यासाठी शेतकरी कोणकोणती कारणे देत, याची साग्रसंगीत उजळणी मध्यरात्रीपर्यंत चालली. पुढे घोरणे सुरू झाले. जनरेटर त्यापुढे नम्र वाटू लागला. मधूनच घोरणे थांबे, फ्रिजचा दिवा लागे, दार उघडल्याचा आवाज येई आणि मी समजे की चटणी अजून बोलते आहे.

सकाळी ध्वनिक्षेपकावरून माझे नाव ओळखू येणार नाही अशा उच्चारात पुकारले गेले. खोली माझ्या नावावर होती. काउंटरवर आओ दाय, म्हणजे तिकडचा लांब पारंपरिक झगा, घातलेल्या मुलीने बिल पुढे केले : टेबलावरच्या दोन बाटल्या, फ्रिजमधल्या चार, एकूण सहा, दर तीस हजार डोंग, म्हणजे एक लाख ऐंशी हजार. सुमारे तीनशे डोंगांचा एक रुपया धरला तर हे सहाशे रुपये होतात, पण 'एक लाख ऐंशी हजार' हे शब्द आप्पांच्या कानावर आधी पडले आणि हिशेब नंतर. त्यांनी बिल हातात घेतले, डोळ्यांपासून लांब नेले, जवळ आणले आणि विचारले, "आकारणी हेक्टरी आहे का घनमापनानं?"

मी त्या मुलीला दर कसा लावला ते विचारले. तिने बाटलीमागे असे सांगितले.

"म्हणजे घनमापन. मग सात नंबरचा अर्ज कुठं आहे? मागणी अर्ज नाही, मंजुरी नाही, आणि एकदम आकारणी? विनापरवाना उपसा दाखवायचा असेल तर पंचनामा लागतो. पंच कोण होते, विचारा."

मी तेवढे इंग्रजी कोठून आणणार? मी साक्षीदार कोण एवढेच विचारले, आणि ती बिचारी खोल्या आवरणाऱ्या मुलाला बोलावून घेऊन आली. त्याने चार बोटे दाखवली. आप्पांनी त्याच्याकडे, एखाद्या फितूर पाटकऱ्याकडे पाहावे तसे पाहिले. मागे रांग वाढत होती. भुसावळची मंडळी नाश्त्याच्या थाळ्या घेऊनच जवळ आली होती आणि "आप्पा, सोडू नका" असा पाठिंबा देत होती. तेव्हा माझ्या लक्षात आले की, रात्री ऐकलेली सारी कारणे आता एकेक करून बाहेर पडत आहेत, फक्त काउंटरची बाजू बदललेली आहे. पाणी वेळेवर मिळाले नाही. मिळाले ते पुरेशा दाबाने मिळाले नाही. शेजाऱ्याचे आमच्या नावावर लावले. थकबाकीत दाखवा, पुढच्या हंगामात भरू. शेवटी त्यांनी खिडकीबाहेर हात केला आणि त्यांची अहिराणी सुटली : "बठ्ठं पानीच पानी शे, आन पानीना पैसा कसाना?"

मी काही बोललो नाही. पण त्या हाताचा अर्थ मुलीला कळला असावा, कारण तिने हसून, समुद्राचे पाणी फुकट आहे, असे सांगितले. आप्पांना हे फार आवडले. "पोरगी तयार आहे," ते मला म्हणाले. "आपल्याकडं असती तर वसुलीला तोड नव्हती." आणि मग एकाएकी गंभीर होऊन त्यांनी गळ्यातल्या माळेला हात लावला. "फ्रिजातल्या पाण्याचा एक थेंब जरी प्यालो असेन, तर या माळेची शपथ."

माळकरी माणूस माळेवर हात ठेवून खोटे बोलत नाही. म्हणून मी कंबर कसून त्या मुलीशी भांडलो. व्यवस्थापक आला. त्याने मला फ्रिज रिकामा असल्याचे छायाचित्र दाखवले, आणि रांगेतल्या एका परदेशी बाईने घड्याळाकडे पाहून असा सुस्कारा सोडला की, मी खिशातून दोन लाखांची नोट काढून दिली. त्या नोटेच्या मागे हा लाँग उपसागराचेच चित्र असते. आठवण म्हणून ती मी जपून ठेवणार होतो. परत आलेले वीस हजार आप्पांनी माझ्या हातात पोहोचण्याआधीच उचलून "गरीब पोरं आहेत" म्हणत बक्षिसीच्या पेटीत टाकले, आणि पावती घडी करून स्वतःच्या खिशात ठेवली. "पावती सांभाळावी लागते, भाऊ. उद्या परत थकबाकी दाखवतील."

सहाशे रुपयांनी मी बुडत नाही. राग वेगळा आहे. 'सर्व समाविष्ट' म्हणून घेतलेल्या पैशांत कोबी बसतो, राजहंस बसतात, गुलाब बसतात आणि जेवताना लागणारे पाणी बसत नाही, हे कोणत्या हिशेबात बसते? आमच्या खानदेशात उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसापर्यंत चढतो, नळाच्या पाण्यावरून सख्खे शेजारी अबोला धरतात. तरीही दारात आलेल्या माणसाला आधी तांब्या पुढे केला जातो, आणि बाजारपेठेत कोणीतरी रांजण भरून पाणपोई चालवतोच. परत आल्यावर मी सहल कंपनीच्या कार्यालयात हे बोललो, तर तेथील तरुणाने पत्रकाच्या शेवटच्या पानावरची मुंगीएवढी ओळ दाखवली आणि मला पाणी विचारले नाही.

त्या दिवशी हनोईकडे परतताना बस महामार्गाला लागली तेव्हा मला तहान लागली होती. पुढच्या सीटवर आक्कांनी पिशवीची चेन उघडली, आणि आत चार बाटल्या होत्या. सीलबंद. आप्पा रात्रभर एकेक करून त्या शेजारच्या खोलीत पोहोचवत होते. शपथ शब्दशः खरी होती. मी एक बाटली मागितली, तेव्हा आक्का म्हणाल्या, "जरा दम धरा, भाऊ. विमानात लागेल."

हनोईच्या नोई बाई विमानतळावर सुरक्षा तपासणीच्या माणसाने चारही बाटल्या पिशवीतून काढल्या आणि शंभर मिलिलिटरच्या नियमावर बोट ठेवून, न उघडताच पिंपात टाकल्या. मी आप्पांकडे पाहिले. त्यांनी पट्टा कमरेला लावत, अधिकाराने सांगितले, "वहनव्यय. तो सोसावाच लागतो."