ड्रेनेज तुंबलंय? तज्ज्ञ कशाला, आपण आहोत ना!

तळमजल्यावरच्या मोरीत जाळीतून बुडबुड करत पाणी वर यायला लागलं, की एक गोष्ट ध्यानात ठेवा: हा सोसायटीचा नाही, तुमचा वैयक्तिक प्रश्न आहे. चौथ्या मजल्यावरच्या कढईतलं तेल तुमच्या टाइल्सवर तरंगत असलं तरी ते आता तुमचं. ग्रुपवर फोटो टाकलात तर दोघेजण हात जोडतील, एकजण 'वास आम्हालाही येतोय हं' म्हणेल, आणि सेक्रेटरीसाहेब सुप्रभाताचं फूल टाकून फोटो वर ढकलतील. अनुभवाचे बोल आहेत, याच पावसाळ्यातले. तर आता क्रमाने सांगतो.

कॅमेरावाल्याला अजिबात बोलावू नका. तो लवचीक दांड्याच्या टोकाला कॅमेरा लावून चेंबरमधून पाइपात सोडतो आणि स्क्रीनवर बघून सांगतो की अमुक फुटांवर पिंपळाचं मूळ शिरलंय, तमुक ठिकाणी जॉइंट सरकलाय. मग नेमकी तेवढीच जागा फोडायची. यात मजा काय राहिली? आमच्या कमिटीपुढे असं कोटेशन ठेवलं, तेव्हा खजिनदार म्हणाले, "नुसतं बघायचे एवढे पैसे?" गेटवर सोसायटीच्या नावाची दिवे लावलेली पाटी यांनीच मंजूर केली होती. तीही नुसती बघायचीच आहे.

त्यापेक्षा मोबाइलला जोडायचा स्वस्तातला कॅमेरा ऑनलाइन मागवा. नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे मोरीच्या जाळीखालच्या वाकड्या तुकड्याच्या, पहिल्याच वळणावर तो अडकतो आणि साबणाचा थर नि केसांचा गुंता फार स्पष्ट दाखवतो.

ॲसिड ओता. अडकलेली चिंधी त्याने जागची हलत नाही, पण टाइल्सच्या सांध्यातलं सिमेंट छान खाल्लं जातं. सकाळी कुणी ब्लीच ओतलं असेल तर विचारूच नका. दोन्ही एकत्र आले की मोरीतल्या मोरीत क्लोरीन वायू तयार होतो.

ड्रेनेजचा नकाशा मागू नका. तो बिल्डरकडे होता.

चेंबरच्या झाकणांवर पेव्हर ब्लॉक बसवून घ्या. हे फार महत्त्वाचं. कारण झाकणं मोकळी असली तर कुणीही शहाणा ती ओळीने उघडून बघेल: एक चेंबर काठोकाठ भरलेलं, पुढचं रिकामं, म्हणजे चोकअप या दोघांच्या मधे. घरच्या माणसाला जमण्यासारखी तपासणी खरं तर एवढीच आहे आणि तिला एक पैसा लागत नाही. आमच्याकडे दोन झाकणं ब्लॉकखाली गेली आणि उरलेल्या एकावर कुणाची तरी गाडी उभी असते. कुणाची ते सगळ्यांना माहीत आहे.

प्लंबर बोलावलाच, तर न बघता 'फोडावं लागेल' म्हणणारा निवडा.

आणि हे सगळं करून भागलं नाही, तर रामबाण उपाय: माणूस उतरवा. आमच्या मीटिंगमध्ये हे एका निवृत्त अधिकाऱ्यांनी सुचवलं, चहाचा कप हातात धरून. सकाळी नाक्यावर उभे असतात, भाव करा, हजारात काम होतं. मागचं चेंबर दोन पुरुष खोल आहे, तर कंबरेला दोरी बांधा. जमलं तर आधी थोडी पाजा, म्हणजे वास लागत नाही. 'आत गॅस असतो' असं कुणी म्हणालं तर म्हणा, झाकण तासभर उघडं ठेवलंय, वास गेला, म्हणजे गॅस गेला. अहो, तसं नसतं! आतला हायड्रोजन सल्फाइड वायू हवेपेक्षा जड, तो तळाशी साचतो. कमी असताना कुजक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. 'वास गेला' म्हणून माणूस उतरतो आणि दोन-चार श्वासांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही तिथेच राहतो. दर वर्षी पेपरात वाचता ना? वाचता आणि पान उलटता.

हाताने मैला साफ करायला माणूस लावण्यावर बंदी घालणारा 2013 चा कायदा आहे. सुरक्षा साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवला, तर उतरवणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा कायदा फक्त महापालिकेला नाही, तुम्हा-आम्हालाही लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. हे मी मीटिंगमध्ये वाचून दाखवलं. त्यावर आलेला प्रश्न असा: "मग हातमोजे देऊ या का?"

आता थट्टा बास. लाज वाटली पाहिजे तुम्हाला. कॅमेरा आणि जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने पाइप मोकळा करणारं जेटिंग मशीन, दोन्हींचा खर्च सगळ्या फ्लॅटांत वाटला, तर घरटी एका पिझ्झ्याचे पैसे होतात, आणि ते वाचवायला तुम्ही एका माणसाला तुमच्याच घाणीत मरायला सोडायला तयार आहात. वर त्याला 'लोकल माणूस' म्हणता, म्हणजे नाव विचारायला नको. झाकणांवरचे ब्लॉक काढा, गाडी हलवा, मशीनवाल्याला बोलवा आणि बिल आलं की कुरकुर न करता भरा. आणि यापुढे नाक्यावर माणूस बघायला कुणी गेलं, तर मी थेट पोलिसांना फोन करणार आहे. मग तो सेक्रेटरी असो, नाहीतर सेक्रेटरीचा मेहुणा.