माहितीपुस्तिकेचे शेवटचे पान

गेल्या रविवारी शेजारच्या वहिनींचा भाचा महाविद्यालयाची माहितीपुस्तिका घेऊन माझ्याकडे आला. मुलगा जावळी तालुक्यातला, मेढ्याच्याही पुढच्या गावचा. यंदा साताऱ्यात बी.एस्सी.ला प्रवेश घेतला आहे आणि तूर्त आत्याकडे राहतो. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक टाइपात सतरा समित्या आणि कक्ष छापलेले होते : समुपदेशन कक्ष, रोजगार मार्गदर्शन कक्ष, स्पर्धा परीक्षा केंद्र, तक्रार निवारण समिती, उपचारात्मक अध्यापन, मार्गदर्शक शिक्षक योजना, समान संधी केंद्र, असे बरेच काही. पानावर बोट ठेवून त्याने विचारले, “काका, यातलं माझ्या उपयोगाचं नक्की काय?”

मी एकतीस वर्षे एका अनुदानित महाविद्यालयाच्या कार्यालयात नोकरी केली, त्यातली शेवटची बारा शिष्यवृत्तीच्या टेबलावर. तरीही त्या मुलाला मला चटकन उत्तर देता आले नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

माझे मत असे झाले आहे की, विद्यार्थ्यांच्या साहाय्याच्या बाबतीत आपण सोय उभी करणे आणि सोय पोहोचवणे या दोन कामांत गल्लत करतो. ज्याला मदतीची सर्वाधिक गरज असते तो ती मागायला सर्वांत शेवटी येतो, पुष्कळदा येतच नाही. ज्याच्या घरात कोणी पदवीपर्यंत पोहोचलेले नाही, त्याला अशी काही मदत असते हेच ठाऊक नसते, मग तो मागणार काय? परिणामी मागितल्यावर मिळणारी मदत बहुतेक वेळा ज्याला नीट विचारता येते त्याच्याच पदरात पडते. सुशिक्षित घरातल्या मुलाला चार कक्ष आणि दोन काका असे दोन्ही मिळतात. दुसऱ्याला नोटीस बोर्ड मिळतो.

हे मी शहाणपणाच्या उंच जागेवरून लिहीत नाही, माझ्याच टेबलावर घडलेले सांगतो. खटाव तालुक्यातली एक मुलगी, बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर, तिचा अर्ज मंजूर झालेला दिसत होता, पण पैसे खात्यावर येत नव्हते. ती पहिल्यांदा आली तेव्हा मी पासबुक पाहिले आणि तिला बँकेत पाठवले. बँकेने सांगितले, आमच्याकडे काही अडचण नाही, कॉलेजात विचारा. ती पुन्हा आली. समोर रांग होती, मी पुन्हा बँकेचे नाव सांगितले. तिसऱ्या खेपेला ती खिडकीपाशी आलीच नाही, व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिली. आमचे शिपाई मामा आत येऊन म्हणाले, “साहेब, ती पोरगी दाखला काढायचं म्हणतीये.”

मग तिला आत बोलावून समोर बसवले. आधार क्रमांक कोणत्या बँकेशी जोडलेला आहे ते संकेतस्थळावर पाहिले, तर तो गावाकडच्या एका जुन्या खात्याशी जोडलेला निघाला. शाळेत असताना कुठल्याशा शिष्यवृत्तीसाठी ते खाते उघडले होते आणि व्यवहार नसल्यामुळे ते कधीचे निष्क्रिय झाले होते. आपण अर्जासोबत कोणत्याही पासबुकाची प्रत जोडली तरी थेट लाभाची रक्कम आधारशी जोडलेल्या खात्याकडेच जाते, ही साधी गोष्ट तिला कोणी सांगितली नव्हती आणि मीही दोनदा सांगितली नव्हती. जोडणी बदलण्याचा अर्ज तिथेच बसून लिहिला. एकूण वेळ लागला वीस मिनिटे. तेवढ्या वीस मिनिटांसाठी ती मुलगी तीन वेळा एसटीने येऊन गेली होती आणि शिक्षण सोडायच्या बेतात होती. आमच्या पुस्तिकेतही तेव्हा ‘विद्यार्थी साहाय्य कक्ष’ छापलेला होता, आणि त्याचा सदस्य-सचिव मीच होतो.

साताऱ्यात राहून या विषयावर बोलताना कर्मवीर भाऊराव पाटलांचा उल्लेख टाळता येत नाही, आणि तो जयंतीच्या भाषणासारखा करण्याचीही माझी इच्छा नाही. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले, ज्याला पुढे १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव मिळाले. मला त्यातली महत्त्वाची वाटते ती कामाची रीत. कर्मवीर अण्णांनी गोरगरिबांच्या मुलांसाठी आधी शाळा काढून मग तिला एखादा साहाय्य विभाग जोडला नाही. त्यांनी आधी राहण्या-जेवणाचा प्रश्न हाती घेतला. वेगवेगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसवली, त्यांच्याकडून श्रम करून घेतले आणि त्या श्रमाला लाज चिकटू दिली नाही. बोर्डिंगातले धान्य संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही ठेवले नाही. पुढे १९४७ साली छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले तेव्हा ‘कमवा आणि शिका’ ही त्याची ओळखच होती. मुलाला मदतीच्या दारापर्यंत चालत जावे लागत नव्हते, कारण तो त्याच घरात राहत होता.

आज ते जसेच्या तसे करता येणार नाही, हे मला कळते. शिवाजी विद्यापीठ १९६२ साली स्थापन झाले. कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांचा पसारा एका बोर्डिंगासारखा चालवता येत नाही. कायद्याने आपल्या परीने व्यवस्था लावली आहे. पूर्वी विद्यापीठांत विद्यार्थी कल्याण मंडळ असे, २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमात त्याचे विद्यार्थी विकास मंडळ झाले. (कल्याण जाऊन विकास आला तेव्हा आमच्या कार्यालयात पाट्या आणि शिक्के बदलण्याचे काम मात्र तातडीने झाले होते.) विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनी तक्रार निवारण समित्या आणि त्यांच्यावर विद्यार्थ्यांचे अपील ऐकणारा लोकपाल यांची तरतूद केली. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सात निकषांपैकी पाचवा निकष विद्यार्थी साहाय्य आणि प्रगती यांवरच आहे. तेव्हा कागदावर उणीव फारशी नाही.

उणीव आहे ती माणसाची आणि वेळेची. बहुतेक ठिकाणी हे कक्ष म्हणजे अतिरिक्त कार्यभार असतो. ज्या प्राध्यापकांकडे आठवड्याचे तास पूर्ण आहेत, विभागातल्या दोन जागा रिक्त आहेत, परीक्षेचे काम आहे, त्यांच्याच गळ्यात समुपदेशन किंवा नियुक्ती (प्लेसमेंट) कक्ष पडतो. मग वर्षातून दोन व्याख्याने होतात, छायाचित्रे निघतात, अहवाल तयार होतो. मार्गदर्शक शिक्षक योजनेत पंचवीस-तीस मुलांमागे एक शिक्षक असावा अशी वाटणी होते, पण त्या भेटींच्या नोंदवह्या नॅकची समिती येण्याच्या आठवड्यात एकाच शाईने भरताना मी पाहिल्या आहेत आणि काही वेळा शाई मीच पुरवली आहे. यात शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या, पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हे माहीत नसलेल्या तरुण प्राध्यापकाने कोणाला काय मार्गदर्शन करावे?

वेळेचे तर विचारूच नका. मराठी माध्यमातून आलेली मुले विज्ञानाची सूत्रे पाठ म्हणतात, पण ‘असे का होते’ याचे उत्तर इंग्रजीत चार ओळी लिहायची वेळ आली की थांबतात. त्यांच्यासाठी जादा तास ठेवले जातात ते संध्याकाळी पाचनंतर. पाटण, जावळी, माण या भागांतल्या मुलांची मुक्कामी गाडी चुकली तर रात्र स्थानकावर काढावी लागते. त्यामुळे त्या तासांना शहरातली मुले बसतात आणि ज्यांच्यासाठी तास ठेवला ती स्थानकाच्या दिशेने चालत असतात. वर्षाअखेरीस ‘अल्प प्रतिसाद’ असा शेरा पडतो. एसटीचे वेळापत्रक पाहून हेच तास दुपारी बारा वाजता ठेवले असते तर प्रतिसाद किती मिळाला असता, हे कोणी करून पाहिल्याचे मला आठवत नाही.

समुपदेशनाबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण ती आता केवळ सद्भावनेची राहिलेली नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा आहे. यातला ‘पात्र’ हा शब्द महत्त्वाचा. प्रेमळ स्वभावाचे मराठीचे सर म्हणजे समुपदेशक नव्हेत, जरी मुले मनातले त्यांच्याचपाशी बोलत असली तरी. शिवाय समुपदेशकाची खोली प्राचार्यांच्या दालनाला लागून असेल, तर तिथे कोणता मुलगा जाईल? ‘अमक्याचं डोकं फिरलंय’ ही बातमी आपल्याकडे त्याच्या आधी गावात पोहोचते. तोवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा चोवीस तास चालणारा निःशुल्क क्रमांक तरी प्रत्येक मुलाच्या ओळखपत्राच्या मागे छापावा. त्याला काही ठराव लागत नाही.

आता नोकरीविषयी. नियुक्ती कक्ष म्हटले की आपल्याला पुण्याहून आलेली कंपनी आणि सभागृहात बसलेली दोनशे मुले दिसतात. त्यातल्या पाच-सहा जणांची निवड होते, बॅनर लागतो. मला त्या पाच-सहा मुलांचा आनंदच आहे, परंतु उरलेल्यांना आपण नाकारले का गेलो, हे सांगणारे कोणी नसते. खरे मार्गदर्शन तिथे सुरू व्हायला हवे. वाणिज्य शाखेच्या मुलांना तर शिकाऊ उमेदवारी म्हणजे आयटीआयवाल्यांची गोष्ट असेच वाटते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी अधिनियमाखाली, पुढे झालेल्या दुरुस्तीनंतर, कला-वाणिज्य-विज्ञानाच्या पदवीधरांनाही विद्यावेतन घेऊन उद्योगात काम शिकता येते. शिरवळ किंवा साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांना लेखा, खरेदी आणि भांडार या विभागांत माणसे लागतातच, तिथवर मुलांना घेऊन जाणारे कोणी लागते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर पहिल्या वर्षाला चार क्रेडिटचे प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण आले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण जागा ज्याची त्याने शोधायची असेल तर त्याचे काय होते, तेही पाहिले आहे : चुलत्याच्या दुकानाचे लेटरहेड आणि त्यावर एक शिक्का.

आणि स्पर्धा परीक्षा. या एका विषयावर आपली महाविद्यालये मुलांशी पुरेसे खरे बोलत नाहीत, असे माझे ठाम मत आहे. सातारा-सांगलीकडच्या मुलांना अधिकारी होण्याची ओढ आहे, ती वाईट नाही, आणि या मातीतून अधिकारी झालेही भरपूर. परंतु अभ्यासिकेत चार, पाच, सहा वर्षे काढलेला मुलगा तिशीकडे झुकला की घरचे विचारायचे थांबतात आणि तो गावी यायचा थांबतो. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, म्हणजे आता विचार मांडता यायला हवा, नुसते पर्याय ओळखून भागणार नाही. तरी आमच्याकडच्या कित्येक केंद्रांची कपाटे अजून जुन्या वस्तुनिष्ठ प्रश्नसंचांनीच भरलेली आहेत. केंद्र चालवणाऱ्याने पहिल्याच दिवशी मुलाच्या हाती वही द्यावी आणि तिच्या पहिल्या पानावर त्याच्याकडूनच लिहून घ्यावे की मी किती प्रयत्न करणार आणि त्यानंतर काय करणार. हे त्याच्या बापाने सांगितले तर भांडण होते, पण शिक्षकाने सांगितले तर कदाचित ऐकले जाते.

मला स्वतःला काय हवे, असे कोणी विचारले तर मी सतरा कक्षांऐवजी एक खिडकी मागेन. तिथे सकाळी साडेनऊपासून दुपारी चारपर्यंत एकच ठरलेला माणूस बसावा, ज्याच्याकडे दुसरे काम नाही आणि ज्याची बदली दर जूनमध्ये होत नाही. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलाला त्याने पहिल्या महिन्यात स्वतः बोलावून दहा मिनिटे बसवावे : घरी कोण आहे, येतोस कशाने, डबा आणतोस का, उत्पन्नाचा दाखला निघाला का, आधार कोणत्या खात्याला जोडले आहे. चारशे मुलांना दहा मिनिटे म्हणजे सदुसष्ट तास. दिवसाला साडेतीन तास धरले तरी महिन्याच्या आत संपणारे काम आहे. त्यातून कोण अडचणीत येणार याचा अंदाज सप्टेंबरआधी येतो आणि एरवी तो हजेरी कमी भरल्यावर मार्चमध्ये येतो. अहवालात कक्ष किती आहेत ते लिहिण्यापेक्षा, किती मुले दुसऱ्यांदा त्या खिडकीपाशी आली ते लिहावे. मूल एकदा नाइलाजाने येते, दुसऱ्यांदा मात्र विश्वास बसल्यावरच येते.

खर्चाचा मुद्दा लगेच निघेल. निघू द्या. एका स्नेहसंमेलनाच्या मंडपात आणि दोन मान्यवरांच्या सत्कारात किती जातात, ते बिलांवर सह्या घेत फिरलेल्या माणसाला विचारू नये.

त्या मुलाला मी त्या रात्री पेन्सिलीने पुस्तिकेवर तीन खुणा करून दिल्या. शिष्यवृत्ती विभागात या आठवड्यातच जा, मार्गदर्शक शिक्षक कोण ते नावानिशी विचारून घे आणि इंग्रजीच्या जादा तासांची वेळ काय ते पाहा, असे सांगितले. तो मान हलवत राहिला. जाताना दारात थांबून म्हणाला, “काका, एकट्यानं जायला कसंतरी वाटतं.”

सोमवारी मी त्याच्याबरोबर जाणार आहे. कोणत्याच कक्षापुढे खोली क्रमांक छापलेला नाही. तिथल्या शिपाई मामांना विचारावे लागेल.