रॅलेला यायचंय? आधी दुसऱ्या नोकरीचं बघा

न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियाच्या बे एरियातून नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅलेला येऊ पाहणाऱ्या पंचविशी-तिशीतल्या मराठी मंडळींचं बोलणं बहुतेक वेळा घरभाड्यापासून सुरू होतं. तिकडे अडीच हजार डॉलर, इकडे दीड हजार, म्हणजे ठरलंच. माझ्या मते गाव निवडण्याचं याहून कच्चं कारण दुसरं नाही. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मध्यम शहरात येताना आधी एवढंच विचारायचं: आजची नोकरी गेली, तर घर न बदलता दुसरी मिळेल का?

एच-१बीवर, म्हणजे कंपनीने काढून दिलेल्या नोकरीच्या व्हिसावर, असाल तर हा प्रश्न टाळताच येत नाही. नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि आय-९४ (देशात राहण्याच्या मुदतीची नोंद) त्याआधी संपत असेल तर तेवढेही नाहीत. त्या मुदतीत मुलाखती, ऑफर आणि नव्या कंपनीचा अर्ज, सगळं बसवायचं असतं. अलाबामातलं हंट्सव्हिल स्वस्त आहे, इंजिनियरांनी भरलेलं आहे, पण तिथली बरीचशी कामं रेडस्टोन आर्सेनल आणि नासाच्या मार्शल केंद्राभोवतीची. सुरक्षा क्लिअरन्स (गोपनीय सरकारी कामाची परवानगी) लागलं की नागरिकत्व लागतं आणि आपल्यासाठी दार बंद. आर्कान्सातल्या बेंटनव्हिलमध्ये भारतीय पुष्कळ, पण तिथे जे काही आहे ते वॉलमार्ट आणि वॉलमार्टला माल किंवा सेवा पुरवणारे. नॉर्थ कॅरोलायनातलंच शार्लट मोठं आहे, पण बँकांवर उभं. बँकिंगमध्येच राहायचं असेल तर उत्तम जागा.

रॅले-डरहॅम-चॅपेल हिलचा ‘ट्रँगल’ या परीक्षेत बरा उतरतो. एन.सी. स्टेट, ड्यूक आणि यूएनसी या तीन विद्यापीठांच्या मधोमध १९५९ साली रिसर्च ट्रँगल पार्क हे कंपन्यांचं संकुल उभं राहिलं, १९६५ मध्ये आयबीएम आली. आज सॉफ्टवेअर, औषधनिर्माण, क्लिनिकल ट्रायल, फायनान्स असं सगळं आय-४० या एकाच महामार्गावर आहे. कॅरीत सॅस, रॅलेत रेड हॅट, मॉरिसव्हिलमध्ये लेनोवो, शिवाय सिस्को, फिडेलिटी, बायोजेन. तरी हे सिअ‍ॅटल नव्हे. तुमचं काम फारच विशिष्ट असेल, चिप डिझाइनचा एखादा कोपरा वगैरे, तर इथे ते देणाऱ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजाव्या लागतील. ऑफर घेण्याआधी लिंक्डइनवर स्वतःचं पद आणि ४० मैलांची मर्यादा टाका आणि उरलेल्या जाहिरातींत व्हिसा स्पॉन्सर करणारे किती ते बघा. मोजून पाच नावंही निघाली नाहीत तर भाडं कितीही कमी असो, येऊ नका.

एक बारीक गोष्ट भल्याभल्यांना माहीत नसते. रॅले-कॅरी आणि डरहॅम-चॅपेल हिल हे सरकारी हिशेबात दोन वेगळे महानगर विभाग आहेत. एच-१बीच्या एलसीएवर (कंपनी कामगार खात्याला देते त्या कागदावर) कामाची जागा लिहिलेली असते आणि ती रोज ये-जा करण्याजोग्या पट्ट्याबाहेर गेली तर एच-१बीच्या अर्जात दुरुस्ती करावी लागते. रॅले ते डरहॅम रोज हजारो लोक जातात, त्यामुळे अडचण येतेच असं नाही. पण घरून काम करणार असाल तर घराचा पत्ता आधी कंपनीच्या वकिलाला कळवा, लीजवर सही नंतर. पत्ता बदलल्यापासून १० दिवसांत एआर-११ हा पत्ताबदलाचा फॉर्म ऑनलाइन भरायचा, हे वेगळंच.

आता पैशाचं. ‘टॅक्स वाचतो’ हे वाक्य हिशेब करून बघा. एकट्या माणसाला १,२०,००० डॉलर पगार असेल तर न्यू जर्सीचा राज्य आयकर साधारण ५,४५० होतो. नॉर्थ कॅरोलायनाचा दर सरसकट आहे, २०२५ ला ४.२५ टक्के आणि २०२६ पासून ३.९९. स्टँडर्ड डिडक्शन १२,७५० वजा करून २०२६ चा कर येतो ४,२८० च्या आसपास. म्हणजे वर्षाला बाराशेच्या आत, महिन्याला शंभर. जर्सी सिटीत पाथ ट्रेनवर भागत होतं आणि इथे पहिली गाडी घ्यावी लागली, तर जुनी कोरोला घेऊनही हप्ता, विमा आणि पेट्रोल मिळून महिन्याला पाच-सहाशे जातात. बचत होते, पण ती भाड्यात होते आणि त्यातला मोठा तुकडा गाडी खाते.

न्यू यॉर्कच्या कंपनीत राहून इथून रिमोट काम करणाऱ्यांचं तर आणखी वेगळं. तुम्ही स्वतःच्या सोयीसाठी दुसऱ्या राज्यात बसला आहात असं धरून न्यू यॉर्क त्या पगारावर स्वतःचा कर लावतं. नॉर्थ कॅरोलायनात त्याचं क्रेडिट मिळेल का हे करसल्लागाराला विचारा, आणि मिळालं तरी शेवटी भरता न्यू यॉर्कच्याच दराने. वर काही कंपन्या गाव बदललं म्हणून पगारही कापतात. एचआरला दोन्ही गोष्टी लेखी विचारा.

रिलोकेशनचे १०,००० मिळणार म्हणून १०,००० खर्चाचा बेत आखू नका. २०१८ पासून ही रक्कम पगारासारखीच करपात्र आहे. २२ टक्के फेडरल, ७.६५ टक्के सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर आणि राज्याचे चारेक टक्के कापून हातात ६,६०० च्या आसपास येतात. आणि वर्ष-दोन वर्षांत नोकरी सोडली तर पैसे परत करण्याचं कलम असतंच. ते हाती आलेल्या रकमेवर आहे की पूर्ण दहा हजारांवर, हे वाचल्याशिवाय सही करू नका.

सामान हलवणाऱ्यांबद्दल थोडंच सांगतो. फोनवर दर सांगून अ‍ॅडव्हान्स मागणारा बहुतेक वेळा दलाल असतो, त्याच्याकडे ट्रक नसतो. यूएसडॉट (केंद्रीय वाहतूक खात्याचा) क्रमांक घेऊन सरकारी साइटवर तपासा. अंदाज ‘बाइंडिंग’ (कंपनीवर बंधनकारक) नसेल तर सामान उतरवताना ते अंदाजाच्या ११० टक्क्यांपर्यंतच मागू शकतात, बाकीचं नंतर बिलाने. आणि जे फुकट ‘संरक्षण’ देतात ते दर पौंडाला ६० सेंट. दहा पौंडांचा मॉनिटर फुटला तर भरपाई सहा डॉलर. म्हणून इलेक्ट्रॉनिक्स, दागिने, पासपोर्ट आणि सगळे आय-७९७ (व्हिसा-मंजुरीचे कागद) स्वतःच्या गाडीत.

घर कुठे घ्यायचं यावर माझं मत अनेकांना पटत नाही, तरी लिहितो. आपली मुलं डोळे झाकून मॉरिसव्हिल किंवा कॅरी गाठतात. कारणं उघड आहेत. मॉरिसव्हिलच्या लोकसंख्येत जवळपास निम्मे आशियाई, पटेल ब्रदर्स कॅरीत, वेंकटेश्वर मंदिर कॅरीत, कोका बूथच्या खुल्या रंगमंचावर दिवाळी, आणि क्रिकेट तर असं की मेजर लीग क्रिकेटचे सामने मॉरिसव्हिलच्या चर्च स्ट्रीट पार्कात झाले. पण हा पट्टा मुळात शाळकरी मुलं असलेल्या कुटुंबांचा आहे. एकटे असाल तर शनिवारी संध्याकाळी आजूबाजूला सगळे मुलांच्या वाढदिवसांत गुंतलेले असतात. रिसर्च ट्रँगल पार्कातल्या ऑफिसला जाणाऱ्या एकट्या माणसाने डरहॅमचं डाउनटाउन किंवा रॅलेत ग्लेनवूड साउथ, व्हिलेज डिस्ट्रिक्टची बाजू बघावी. कोथिंबीर-मिरच्यांसाठी आठवड्यातून एकदा वीस मिनिटं गाडी चालवणं सोपं, रोज संध्याकाळी एकटं बसणं अवघड.

ट्रेन येईल या आशेवर घर निवडू नका. डरहॅम-ऑरेंज लाइट रेल २०१९ मध्ये रद्द झाली. बस आहेत, पण ऑफिस आणि घर दोन्ही एकाच मार्गावर असतील तरच. आय-४० सकाळी आणि संध्याकाळी तुंबतो. लीज करण्याआधी मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी आठला तो रस्ता प्रत्यक्ष चालवून बघा, रविवारी दुपारचा गूगल मॅप कामाचा नाही. ५४० या महामार्गाचा काही भाग टोलचा आहे, तिथे टोलनाका दिसत नाही, नंबरप्लेटचा फोटो निघतो आणि बिल घरी येतं. क्विक पास (गाडीला लावायचा टोलचा टॅग) लावला तर तोच टोल बराच कमी पडतो.

गेल्या काही वर्षांत इथे अपार्टमेंटं इतकी बांधली गेली की ‘सहा आठवडे मोफत’च्या पाट्या सगळीकडे दिसतात. गणित असं: भाडं १,५०० असेल तर सहा आठवड्यांची सूट वर्षभरावर पसरून ते १,३३० च्या आसपास दाखवतात. लीजवर मात्र १,५००च असतं आणि पुढच्या वर्षीची वाढ त्या १,५०० वर लागते. कचरा दारातून उचलण्याचे, पेस्ट कंट्रोलचे, पाण्याच्या वाटणीचे, पार्किंगचे मिळून आणखी शंभर-सव्वाशे. म्हणून ‘दरमहा एकूण किती’ हे ईमेलवर लेखी मागा. पगार भाड्याच्या तिप्पट लागतो. क्रेडिट हिस्टरी नसेल तर ऑफर लेटर आणि जास्त डिपॉझिट देऊन काम होतं, पण वर्षाच्या लीजला डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि घर सोडल्यावर ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो, हा इथला कायदा आहे. उशिराच्या भाड्याचा दंड पाच दिवसांनंतरच, आणि १५ डॉलर किंवा पाच टक्के यातलं जे जास्त तेवढाच.

डीएमव्हीत, म्हणजे लायसन्स आणि वाहन नोंदणीच्या खात्यात, लोक अडकतात ते क्रम चुकल्यामुळे. आधी इथल्या पत्त्यावर नॉर्थ कॅरोलायनाचा विमा, मग लायसन्स, मग गाडीची नोंदणी. लायसन्सचं ऑफिस वेगळं आणि नंबरप्लेटची एजन्सी वेगळी, एका रांगेत दोन्ही होत नाही. राहायला आल्यापासून ६० दिवसांत लायसन्स घ्यायचं असतं आणि अपॉइंटमेंट आठवडेच्या आठवडे मिळत नाहीत, म्हणून घर ठरलं की लगेच तारीख शोधा. जवळ मिळाली नाही तर लहान गावातलं ऑफिस बघा, तासभर गाडी चालवावी लागेल एवढंच. दुसऱ्या राज्याचं चालू लायसन्स असेल तर रोड टेस्ट सहसा माफ, फक्त भारतीय लायसन्स असेल तर लेखी, रस्त्यावरच्या खुणांची आणि रोड टेस्ट तिन्ही. व्हिसावर असाल तर लायसन्सची मुदत तुमच्या कागदपत्रांइतकीच मिळते.

नोंदणीच्या वेळी हायवे यूज टॅक्स गाडीच्या किमतीच्या तीन टक्के लागतो, पण गाडी आधीच्या राज्यात किमान ९० दिवस तुमच्या नावावर असेल तर तो २५० डॉलरच्या वर जात नाही. गाडी कर्जावर असेल तर टायटल (मालकीचा कागद) बँकेकडे असतं, त्यामुळे बँकेला आधी कळवा. दरवर्षी नोंदणीसोबत गाडीवर मालमत्ता कर येतो, किमतीच्या साधारण एक टक्का, आणि जर्सीहून आलेल्यांना पहिल्या वर्षी हा धक्का बसतोच. जुन्या राज्याच्या नंबरप्लेट परत केल्याशिवाय तिकडचा विमा बंद करू नका. (आणि हो, जर्सीकरांनो, इथे पेट्रोल स्वतः भरायचं असतं.)

हवेबद्दल ‘मुंबईसारखी आहे’ असं सांगतात. उन्हाळ्यापुरतं खरं आहे, फक्त घरं मुंबईसारखी नाहीत. लाकूड, ड्रायवॉल आणि कार्पेट यांना दमटपणा सोसत नाही. जुलैत महिनाभर भारतात जाताना एसी पूर्ण बंद करून गेलात तर चपला, पट्टे आणि गादीच्या खालच्या बाजूला बुरशी मिळेल. २७-२८ सेल्सिअसवर, म्हणजे ८०-८२ फॅरनहाइटवर ठेवून जा. थर्मोस्टॅटवर पंखा ‘ऑटो’वर हवा. ‘ऑन’ ठेवला तर कॉम्प्रेसर थांबल्यावरही हवा ओल्या कॉइलवरून फिरते आणि काढलेलं पाणी परत घरात येतं. हिवाळ्यात उलटी चूक होते: हीट पंपाचं (घर गरम करणाऱ्या यंत्राचं) तापमान एकदम पाच-सहा अंशांनी वाढवलं की आतले इलेक्ट्रिक हीटर चालू होतात आणि बिल फुगतं. एकाच आकड्यावर ठेवा. फिल्टर एक ते तीन महिन्यांत बदला.

मार्चअखेर ते एप्रिलमध्यात पाइनचे पिवळे पराग गाडीवर हळदीसारखे बसतात. कोरड्या फडक्याने पुसू नका, ओरखडे येतात. आधी पाणी मारा. ग्रीनवेवर (झाडीतल्या पायवाटांवर) फिरून आल्यावर पायांवर गोचीड तपासा. लोन स्टार नावाची इथली गोचीड चावल्याने काहींना मटणाची अ‍ॅलर्जी होते, आणि हे अजिबात थट्टेवारी नेण्यासारखं नाही. संध्याकाळी पाचोळ्यातून चालू नका, कॉपरहेड साप तिथेच असतात. रॅले समुद्रापासून दोन तासांवर आहे म्हणून चक्रीवादळ पोचत नाही असं नाही. १९९६ च्या फ्रॅनने इथली झाडं आडवी केली आणि जुलै २०२५ मध्ये शांतालच्या पावसाने चॅपेल हिल, डरहॅममध्ये पूर आला. भाडेकरूचा विमा पुराची भरपाई देत नाही. ओढ्याकाठचं तळमजल्याचं घर घेताना राज्याचा पूर नकाशा बघा. जानेवारीत बर्फासोबत जमिनीवर पडताच गोठणारा पाऊसही पडतो, रस्ते साफ करणारे ट्रक मोजके असतात, त्या दिवशी ऑल-व्हील ड्राइव्हचा उपयोग नाही. घरी बसा.

माणसं बोलकी आहेत. लिफ्टमध्ये अनोळखी माणूस हवापाण्याचं विचारेल, शेजारी ‘कोणत्या चर्चला जाता’ असंही विचारेल. त्यात बहुतेकदा खोच नसते. मंदिराचं नाव सांगा, पुढचा प्रश्न जेवणावर येतो. आणि जेवणात शाकाहाऱ्यांनी जपायचं. ऑफिसच्या बार्बेक्यूत भाजी म्हणून ठेवलेल्या कोलार्ड ग्रीन्स आणि फरसबी बहुतेक वेळा डुकराच्या हाडासोबत किंवा बेकनसोबत शिजवलेल्या असतात. मॅक अँड चीज आणि कोलस्लॉ सहसा चालतात. हशपपी ही तळलेली भजी मक्याच्या पिठाची असली तरी काही जुन्या ठिकाणी ती डुकराच्या चरबीत तळतात, तेव्हा ‘कशात तळलंय’ हे काउंटरवर सरळ विचारा.