अर्धा न्यूट्रॉन कुठे ठेवायचा?

अणूतले कण मोजायचे म्हणजे एक वजाबाकी. अणुअंक जेवढा तेवढे प्रोटॉन, तेवढेच इलेक्ट्रॉन; अणुवस्तुमानांकातून अणुअंक वजा केला की न्यूट्रॉन. सोडियमचे 23 वजा 11, म्हणजे 12. एवढ्याशा भांडवलावर मी भाचीचा गृहपाठ अंगावर घेतला. सुखातला जीव दुःखात घालायची खोड जुनीच आहे.

आधी आकडे ओळखायचे. पुस्तकात चिन्हाच्या डावीकडे वर 23, खाली 11. भिंतीवरच्या मूलद्रव्यांच्या तक्त्यात मात्र 11 वर आणि वस्तुमान खाली! कोणी कुणाच्या डोक्यावर बसायचं, हे या मंडळींनी एकदाचं ठरवून का टाकलं नाही, देव जाणे. लहान तो अणुअंक, असं मी फर्मान काढलं. साध्या हायड्रोजनचे दोन्ही आकडे 1, म्हणजे न्यूट्रॉनच नाही. इतका गुणी अणू पुन्हा भेटला नाही.

कारण पुढे क्लोरीन होता. तक्त्यात 35.5. त्यातून 17 गेले, उरले साडेअठरा.

"मामा, अर्धा न्यूट्रॉन कुठे ठेवायचा?"

मी घसा खाकरला. 35.5 ही सरासरी. निसर्गातल्या क्लोरीनच्या दर चार अणूंत साधारण तिघांचा वस्तुमानांक 35, एकाचा 37. म्हणजे न्यूट्रॉन 18 तरी, नाहीतर 20.

"म्हणजे साडेपस्तीसवाला क्लोरीन जगात नाहीच?"

"एकही नाही."

"मग तक्त्यात त्याचंच नाव का?"

चिमूटभर पदार्थातही अणू अगणित, तिथे सरासरीच कामाला येते, असं सांगितलं. तिचा चेहरा काही हलला नाही.

मग आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले किंवा कमावलेले अणू अथवा अणूंचे गट. सोडियमच्या डोक्यावर अधिक, म्हणून तिने इलेक्ट्रॉन 12 केले. खरे 10. इथे गमावलं की अधिक आणि कमावलं की उणे! विजेच्या प्रभारांना ही चिन्हं अठराव्या शतकात अमेरिकेतल्या बेंजामिन फ्रँकलिन यांनी दिली; जे. जे. थॉमसन यांना इलेक्ट्रॉन गवसला 1897 मध्ये, आणि निघाला नेमका उण्याच्या वाट्याचा. तोवर चिन्हं रुळली होती. भोगतेय सातासमुद्रापलीकडची माझी भाची.

शेवटचा प्रश्न सल्फेट आयनाचा. सल्फरचे 16, चार ऑक्सिजनचे 32, वर उणे दोन म्हणजे आणखी 2. एकूण 50 इलेक्ट्रॉन! मी पेनाला टोपण लावलं.

"आणि न्यूट्रॉन?" तिने ऑक्सिजनच्या चौकोनावर बोट ठेवलं. तिथे छापलं होतं 15.999.