क्लिक, झिलकरी आणि एक चुकलेलं आभाय

भाऊ,

माझ्या अल्बमवरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की अल्बममधलं गाणं घड्याळाला बांधल्यासारखं वाटतं, खंजिरी दबली आहे, आणि स्वतः लिहून, स्वतःच्या पैशानं स्टुडिओत गायलेल्याला लोकगीत म्हणू नये.

घड्याळाचं खरं आहे. पहिली चार गाणी क्लिकवर, म्हणजे हेडफोनमध्ये एकाच गतीनं वाजणाऱ्या टिकटिकीवर गायलो. आपल्याकडे भजन ठाय, म्हणजे संथ लयीत सुरू होतं आणि शेवटाकडे टाळकरी, खंजिरीवाला, ऐकणारे सगळे मिळून ते पळवतात. क्लिक मिनिटाला ९२ ठोक्यांवर लावला की शेवटपर्यंत ९२. पण दिवस कोणते होते पाहा जी! कापसाची वेचणी जोरात, मागून ओळ धरणारे माझे दोन्ही झिलकरी वावरात, आणि अमरावतीच्या स्टुडिओचं भाडं तासावर. मी आधी गायलो, त्यांची झील चार दिवसांनी भरली. क्लिक नसता तर त्यांनी कशाला धरून गायचं होतं? पाचवं-सहावं गाणं तिघांनी एकत्र बसून, क्लिक बंद करून केलं. ते ऐका, शेवटचं कडवं कसं धावतं.

खंजिरी मी मुद्दाम मागे ठेवली. माइक कातड्याजवळ नेला की झांजा शब्दांवर चढतात. त्यात त्या दिवशी अवकाळी पाऊस, कातडं सैल पडलेलं. घरी ते ताणायला चुलीपुढे धरतो. स्टुडिओत काडी ओढू देईनात, मग पिवळ्या बल्बपुढे धरून बसलो.

लोकगीताचं म्हणाल तर कव्हरवर मी ‘गाणी’ एवढंच छापलं आहे. पण तुमचा नियम मला पटत नाही. तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) आपली भजनं स्वतःच लिहिली. आज गावच्या सामुदायिक प्रार्थनेत ती म्हणताना कोणी कागद शोधत नाही. त्यांच्या पायाशी बसायचीही माझी लायकी नाही. पण त्यांच्या आश्रमाच्या मोझरीच्या इतक्या जवळ राहून ‘लिहिलेलं ते लोकांचं नाही’ हे कसं मानू?

खरी चूक तुमच्याही कानातून सुटली. तिसऱ्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात मी ‘आभाळ’ म्हणालो. घरी आम्ही ‘आभाय’ म्हणतो, आणि पुढच्या ओळीतली ‘माय’ त्यालाच जुळवली होती. कोणी सांगितलं नव्हतं. कानाला हेडफोन लागला आणि जीभ आपोआप पुस्तकी झाली. यमक गेलं ते गेलंच, मायनं ऐकून विचारलं, “हे कोन गाऊन राह्यलं?”

वेचणी आटोपली की ती एक ओळ पुन्हा गातो.